गेणबाच्या खाणीत मेंढरं बसली

“औंदा पयला नंबर आपला! काळ्या दगडावरची रेघ समज!”

गेणबानं चुलीपुढं बसून मांडीवर थाप मारली. कौसल्या भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. नवऱ्याच्या असल्या घोषणा ऐकून तिच्या कानांना घट्टे पडले होते.

“कशात पयला नंबर?”

“जनावरात!”

“ते मला लगीन झाल्यापास्नं ठावं हाय,” कौसल्या म्हणाली आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.

आता ही जनावरांची भानगड काय, ते आधी सांगायला हवं. अंथुर्ण्याची उसाची रानं ओलांडून वर गेलं, की कुसळी गवताचा उघडा माळ लागतो. त्या माळावर मुरमाच्या दोन खाणी होत्या. एक गेणबाची आणि तिला लागूनच, मध्ये फक्त एक बांध सोडून, मोहनरावाची. कारखान्याला ऊस नेणारे गाडीरस्ते दरसाल उखडायचे आणि दरसाल त्यांच्यावर मुरूम पडायचा, त्यामुळं मुरमाला मरण नव्हतं. गेणबाचा खाली ऊसही होता, पण तो नावापुरता. घर चालायचं ते खाणीवर.

आणि मोहनराव हा गेणबाचा साडू! मोहनरावाची बायको बनाबाई ही कौसल्येची थोरली बहीण. बघा, सख्खे भाऊ भांडतात, वेगळे होतात आणि सुटतात. शेजारी कंटाळला तर घर विकून जातो. साडूला मात्र सुटका नाही! सासुरवाडी एक, सणाची पंगत एक, आणि दोघांच्या ताटांकडं बघणारी सासूही एकच. पुरणपोळी आधी मोहनरावाच्या ताटात पडायची आणि दुखायचं गेणबाच्या पोटात.

त्यात कौसल्या रोज उठून तेल ओतायची. दाजींनी रंगीत टीव्ही घेतला. दाजींनी दारात फोन आणला. दाजींनी उसाच्या स्पर्धेत शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळवलं! त्या घड्याळाचे टोले म्हणे बांधापर्यंत ऐकू यायचे. गेणबाला तर ते झोपेतही ऐकू यायचे.

त्याची आयुष्यात एकच इच्छा उरली होती. कौसल्येनं एकदा, फक्त एकदा, बनाबाईच्या तोंडावर म्हणावं, “आमच्या ह्यांच्यावाणी कुनी न्हाय!” एवढं कानावर पडलं असतं, तर तो सुखानं डोळे मिटायला तयार होता.

त्या साली, म्हणजे शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची गोष्ट, दोघांच्याही खाणीचे परवाने संपत आले. तलाठी म्हणाला, या खेपेला नुसता अर्ज करून भागणार नाही. खाणीमुळं माळावरच्या पशुपक्ष्यांचं काय होतंय, ते बघायला बारामतीहून मॅडम येणार आहेत. मॅडम म्हणजे परकं कुणी नव्हतं. वरकुट्याच्या साहेबराव गुरुजींची लेक, प्रियदर्शनी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. गळ्यात दुर्बीण, खांद्याला कॅमेरा, आणि बुडाखाली एक लुना. त्या लुनावरून ती माळाच्या अशा वाटांनी जायची, की जिथं शेळीही विचार करून पाय टाकते.

मॅडम पहिल्यांदा गेल्या मोहनरावाच्या खाणीवर. आणि कौसल्या ती बातमी घेऊन घरी आली.

“अवो, दाजींच्या खाणीत हरीण आलं हुतं!”

“हरीण?”

“चिंकारा म्हणत्यात त्याला. मॅडमनी सवता बघितलं, दुर्बिणीतनं! म्हणल्या, ‘वा, फारच छान!’ सांगताना आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं.”

“त्यात रडण्यासारखं काय हाय?”

“तुमाला न्हाय कळायचं. आपल्या खाणीत काय येतंय? गावातली कुत्री!”

वास्तविक ते हरीण वाट चुकून आलं होतं आणि ट्रॅक्टरचा आवाज ऐकताच शेपूट हलवून पळालं होतं. पण मोहनरावाच्या ओसरीवर त्या एकाची दोन झाली, चावडीपर्यंत पाच झाली, आणि भवानीनगरच्या बाजारात लोक कळपाविषयी बोलू लागले.

गेणबाचं डोकं तिथंच फिरलं. त्याचा हिशेब अगदी सरळ होता. आजवर साहेब लोक जे जे मोजायला आले, त्यात ज्याचं जास्त, त्याला बक्षीस! उसाचा उतारा मोजला, जास्त उताऱ्याला शाल. डेअरीत दूध मोजलं, जास्त दुधाला किटली. प्रदर्शनात बैलाची छाती मोजली, रुंद छातीच्या मालकाला फेटा. आता सरकार जनावरं मोजतंय म्हटल्यावर जास्त जनावरांच्या खाणीला पहिला नंबर, परवाना, शाल, सगळंच मिळणार! यात विचारायचं काय? आणि म्हणून त्यानं कुणाला विचारलंही नाही.

दोन दिवसांनी मॅडम गेणबाच्या खाणीवर आल्या.

“काका, तुमच्या खाणीमुळं इथल्या जिवांचं काय होतं, ते मला पाहायचंय. त्यांना त्रास होत असेल, तर तो कमी कसा करायचा, तेही ठरवायचंय. तुम्हाला इथं काय काय दिसतं?”

गेणबाच्या कानांनी यातलं शेवटचं तेवढंच धरलं.

“काय दिसत न्हाय, ते इचारा! हरणं हायती, ससं हायती, कोल्हं, मोर, घोरपडी… आन् वा…” वाघ म्हणणार होता, पण मॅडमच्या डोळ्यांकडं बघून त्यानं जीभ वळवली, “…वानरं!”

“वानरं? या माळावर? झाड कुठंय?”

“झाड न्हाय म्हणून तर खाणीत येत्यात बिचारी!”

मॅडमनी ओठ चावून हसू दाबलं. “बरं. एका दिवसात काही कळत नाही. मी उन्हाळ्यापर्यंत अधूनमधून येईन. पहाटे येईन.”

“कवाबी या! खाण तुमचीच हाय!” गेणबा म्हणाला.

लुना दिसेनाशी झाली आणि गेणबानं भोवती बघितलं. खाणीत एक सरडा होता. तोही मोहनरावाच्या बाजूला चालला होता. गेणबानं त्याला खडा मारून परत वळवला.

दुसऱ्या दिवसापासून गेणबा कामाला लागला. जनावरं बुजू नयेत म्हणून खाणीच्या वरच्या अंगाला त्यानं कुदळ बंद केली. ट्रॅक्टर लांब उभा केला. सिमेंटचा एक हौद आणून बसवला आणि टँकरनं भरला. हरणांसाठी उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं पसरलं, मोरांसाठी बाजरी टाकली. हौदाखालच्या मातीचा मुद्दाम चिखल केला, म्हणजे पावलं उमटतील. आणि टोपी सावरून वाट बघत बसला.

पहिल्या दिवशी कावळे आले. दुसऱ्या दिवशी गावातली कुत्री आली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या सोपानाची म्हैस आली, सगळं वाढं खाऊन हौदात बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

बांधापलीकडून मोहनराव सगळं बघत होता. “काय गेणबा? म्हशीचं नाव लिवलं का मॅडमनी?”

गेणबाच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तसाच उठला आणि माळापलीकडं बिरदेव धनगराच्या वाड्यावर गेला.

आमच्याकडं रानात मेंढरं बसवायची रीत आहे. धनगराला धान्य द्यायचं आणि त्यानं कळप आपल्या रानात मुक्कामाला ठेवायचा, म्हणजे लेंड्यांचं खत आयतं मिळतं. रानात सगळेच बसवतात. खडकात मेंढरं बसवणारा मात्र गेणबा हा तालुक्यातला पहिलाच माणूस!

बिरदेवानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“गेणबा, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? तितं काय पिकिवणार? दगडं?”

“तू बस तर खरं! चिखलात खुरं उठली पायजेत.”

“मला काय, बसतो. पर मेंढरामागनं लांडगा येतोय, आधीच सांगतो. त्येचा वाटा त्यो नेल्याबिगर ऱ्हात न्हाय.”

“लांडगा?” गेणबाचे डोळे चमकले. मोहनरावाकडं आलं हरीण. हरीण गवत खातं. आणि लांडगा हरणाला खातो! म्हणजे लांडगा वरचढ. “यिऊ दे की! पायघड्या घालतो!”

मेंढरं बसली. सगळा माळ बें बें करू लागला. गावात हसून हसून लोकांच्या बरगड्या दुखल्या. कौसल्येनं तर कपाळावर हात मारून घेतला. “दाजी खाणीत मुरूम काढत्यात, आन् तुमी लेंड्या!”

मॅडम आल्या, तेव्हा गेणबानं त्यांना थेट चिखलाकडं नेलं.

“बघा! हरणांचा कळप!”

मॅडम उकिडव्या बसल्या. “काका, ही मेंढरांची खुरं आहेत.”

“आमच्याकडची हरणं मेंढरावाणीच चालत्यात. सवय!”

“आणि या लेंड्या?”

“खात्यात बी मेंढरावाणीच.”

पण मॅडमचं लक्ष आता दुसरीकडं होतं. त्यांनी पिशवीतून टेप काढली आणि चिखलातलं एक पाऊल मोजलं. मग परत मोजलं. “काका, हा कुत्रा नाही. हा लांडगा आहे!”

“म्हणलं न्हवतं मी?” गेणबा म्हणाला, आणि हळूच एक पाऊल मागं सरला.

आणि इथून पुढं गोष्ट गेणबाच्या हातात राहिली नाही. लेंड्यांवर माशा आल्या, किडे आले. किड्यांमागं वेडे राघू आले. हिरवेगार, चिमणीएवढे पक्षी. त्यांनी मुरमाच्या उभ्या कड्यात भोकं पाडून संसार मांडले, कारण तिथं कुदळ चालत नव्हती. हौद पाझरायचा, त्या ओलीवर गवत हिरवं झालं. गवतात ससे आले. टिटवीनं उघड्या मुरमात अंडी घातली आणि त्या वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गेणबालाही, ती शिव्या देऊ लागली. खाणीच्या मालकाला खाणीत शिरायची चोरी झाली!

गेणबा कबूल करणार नाही, पण त्याला ते आवडू लागलं होतं. दुपारच्याला तो कड्यासमोर दगडावर बसायचा आणि वेडे राघू हवेत झेप घेऊन माशी कशी टिपतात, ते बघत राहायचा. एखाद्याचा नेम चुकला तर त्याला हळहळ वाटायची. मग बांधापलीकडून मोहनरावाच्या ट्रॅक्टरचा आवाज यायचा, आणि गेणबा परत भानावर येऊन जळू लागायचा.

एकदा मॅडम वहीत लिहिता लिहिता थांबल्या. “काका, हे असंच राहिलं, तर मला सगळं स्पष्ट लिहावं लागेल. तुम्हाला चालेल ना? नीट विचार करून सांगा.”

“चालंल म्हंजे? लिवाच! अजाबात हात आखडता घिऊ नका!”

“अहो, पण खाण…”

“मॅडम, बाकीचं ऱ्हाऊ द्या. मला येकच सांगा. मोहनरावापरास जास्त हाय का न्हाय?”

“त्यांच्यापेक्षा? कितीतरी जास्त!”

गेणबाचा आनंद पोटात मावेना. मॅडम आणखी काहीतरी सांगत होत्या, पण हा तोवर बांधाकडं पळालाही होता. बांधावर उभा राहून तो मोहनरावाच्या दिशेनं नुसता हसला. मोहनरावाला त्या दिवशी जेवण गेलं नाही, असं नंतर कळलं.

आता एवढ्यावर थांबावं की नाही? पण गेणबाला लांडगा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. पावलावर काय नंबर देतील कुणी? म्हणून एका पहाटे बिरदेवाचं घोंगडं डोक्यावरून ओढून तो हौदाजवळ गुडघ्यांत मान घालून बसला. घोंगड्याला मेंढरांचा असा वास होता, की स्वतः गेणबालाच दोनदा शिंक आली. थंडी होती, घोंगडं उबदार होतं. त्याचा डोळा लागला.

जाग आली ती फुसफुस ऐकून. त्यानं घोंगड्याच्या फटीतून बघितलं. समोर लांडगा उभा होता! उंच पायांचा, करड्या अंगाचा, आणि नाक पुढं करून हे एवढं मोठं, न हलणारं मेंढरू कुठल्या जातीचं, याचा अंदाज घेत होता.

“आरं बाबा! हाड्! हाड्!”

लांडगा हलला नाही. गेणबा हलला! घोंगड्यासकट उठला, मुरमात दोनदा घसरला आणि जवळच सोडून ठेवलेल्या मुरमाच्या ट्रॉलीत चढला. ट्रॉली डगमगायला लागली, म्हणून तो दोन हात टेकून ओणवा झाला. लांडगा ट्रॉलीखाली येऊन वर बघू लागला. गेणबा खाली बघू लागला. दोघंही घाबरलेले, पण एकाला तेही लपवायचं होतं.

“काका! हलू नका!” लांबून हळू आवाज आला. मॅडम! लुना खाली टाकून त्या कॅमेरा डोळ्याला लावत होत्या.

“हलू नगं? आवो मॅडम, त्यो मला मेंढरू समजतोय!”

“तसंच राहा! फार सुंदर आलंय!”

खट्. कॅमेऱ्याचा आवाज झाला आणि लांडगा दचकून उडी मारून कड्याच्या वरच्या कपारीत शिरला. आतून बारीक कुंई कुंई ऐकू आली. मॅडमचा हात छातीवर गेला.

“पिल्लं! काका, तुमच्या खाणीत लांडगीनं पिल्लं घातलीत!”

“त्यो न्हाय? ती हाय?” गेणबानं ट्रॉलीतूनच विचारलं. मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “मग पिल्लं बी मोजा! येकेक येगळं मोजा!”

तो फोटो बारामतीच्या एका साप्ताहिकात छापून आला. घोंगडं पांघरून ओणवा गेणबा, त्याच्याकडं मान वर करून बघणारी लांडगी, आणि खाली ठळक अक्षरांत: ‘वन्यजीवांशी एकरूप झालेला शेतकरी’. मोहनरावानं तो अंक तीनदा वाचला आणि घडी करून गादीखाली ठेवला.

उन्हाळ्याच्या तोंडावर चावडीत मॅडमच्या अहवालाची बैठक ठरली. गेणबानं बैठकीला निकाल म्हटलं, आणि निकालाला समारंभ! सगळी सासुरवाडी बोलावली. नवीन टोपी घेतली. ऐनवेळी सरकारी माणसांची पंचाईत नको, म्हणून स्वतःच शाल आणि नारळ विकत आणून सरपंचाच्या हातात दिला. कौसल्या इरकली लुगडं नेसून पुढच्या रांगेत बनाबाईच्या शेजारी बसली. बसताना तिनं बहिणीपेक्षा इंचभर पुढं सतरंजी ओढली. गेणबानं ते बघितलं आणि त्याचा ऊर भरून आला. आज ते शब्द ऐकायला मिळणार!

मॅडम उभ्या राहिल्या. “मोहनरावांच्या खाणीत आता फारसं काही राहत नाही. एक चिंकारा आला होता, पण तो वाटेवरचा. तिथं खाण चालू ठेवायला हरकत नाही. तांबडं फुटताना ट्रॅक्टर लावू नये, जनावरांच्या वाटेवर मुरूम टाकू नये, खणून झालेल्या बाजूला उतार करून गवत लावावं. एवढं केलं की झालं.”

मोहनरावाचं तोंड पडलं. फारसं काही राहत नाही! चारचौघांत असा अपमान! गेणबा मात्र जागेवर चुळबुळत होता. टोपी त्यानं दोनदा काढून दोनदा घातली.

“गेणबा काकांच्या खाणीसारखी जागा मी या भागात पाहिली नाही…”

गेणबा उभा राहिला. मान किंचित खाली केली, म्हणजे हार घालायला सोपं जाईल.

“…लांडगीचं बीळ, वेड्या राघूंची घरटी, ससे, टिटव्या. अशी जागा राखलीच पाहिजे. त्यामुळं तिथं आता खाण नको. कुदळ लावायची नाही, ट्रॅक्टर न्यायचा नाही. परवाना पुन्हा मिळणार नाही.”

गेणबाची मान खालीच होती.

“म्हंजे… पयला नंबर?”

“काका, नंबर कसला?”

“स्पर्धेचा!”

“काका, ही उसाची स्पर्धा नव्हती. जिथं जीव जास्त, तिथं खाण बंद. मी तुम्हाला त्या दिवशी तेच सांगत होते, पण तुम्ही बांधाकडं पळालात.”

गेणबानं पहिल्यांदा कौसल्येकडं बघितलं. तिनं सतरंजी इंचभर मागं घेतली होती. सरपंचाच्या हातात शाल तशीच होती. तिचं काय करावं, ते त्याला कळेना. शेवटी “आणलीच हाय, तर घालतो” म्हणत त्यानं ती गेणबाच्या खांद्यावर टाकली. टाळ्या वाजवायलाच आलेल्या सासुरवाडीनं टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या खाणीच्या तेराव्याला स्वतःच आणलेली शाल पांघरून गेणबा घरी आला.

“आता खायाचं काय?” कौसल्येनं विचारलं. “लांडगं?”

खाण गेली, ते गेणबाला दुखत होतंच. पण खरं सांगायचं तर, बायकोनं मागं घेतलेली ती इंचभर सतरंजी जास्त दुखत होती. दुसऱ्या दिवसापासून तो खाली उसात मुकाट्यानं पाणी धरू लागला.

पण गंमत पुढंच आहे. साप्ताहिकातला फोटो लांब लांब पोचला होता. माळावर शाळेच्या सहली येऊ लागल्या. मोठ्या साहेबांची जीप आली. पुण्याहून दुर्बिणी लटकवलेली माणसं आली. सगळ्यांची गाडी कुठं थांबायची? गेणबाच्या दारात! मोहनरावाच्या दारावरून धुरळा उडवत सरळ पुढं! बाजारात बायका कौसल्येला विचारू लागल्या, “तुमी त्या लांडगेवाल्यांच्या मालकीण का?” कौसल्या “व्हय” म्हणायची आणि पदर सारखा करायची. गेणबाला पुन्हा आशा वाटू लागली. ते वाक्य तिच्या ओठांवर आलंय, असं त्याला दिसत होतं. फक्त बनाबाई समोर यायचा अवकाश!

आणि तिकडं बनाबाईनं मोहनरावाचं जगणं अवघड केलं होतं. “कौशीच्या दारात सायबाची जीप थांबती. आपल्या दारात काय थांबतंय? ट्रॅक्टर!”

एका दुपारी मोहनराव स्वतःहून गेणबाच्या ओसरीवर आला. हातात पेढ्यांचा पुडा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

“गेणबा, मला खरं सांग. लांडगा कसा आणलास?”

गेणबानं त्याच्याकडं बघितलं. गालफडं बसलेली, डोळे तांबारलेले. हे तोंड त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. कैक वर्षं तो दाढी करताना आरशात हेच तोंड बघत होता. सूड घ्यायला याहून सोपा मुहूर्त मिळाला नसता. पण गेणबाला माणसाची कीव आली.

“पाव्हणं, हात जोडतो. कायबी करू नका. हौद बांधू नका, आन् मेंढरं तर मुळीच बसवू नका. माझी खाण गेली. तुमची बी जाईल.”

मोहनरावाच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

“आलं ध्यानात!”

“काय?”

“जळतुयास! तुझ्यापुढं कुनी जाऊ नये म्हणून आडवं लावतुयास. सरकार उगंच शाल घालतंय व्हय? मागनं काय तरी मोठं देणार असंल तुला.”

“आवो, ती शाल मीच आणल्याली!”

“बास, बास! हौद आन् मेंढरं. कळलं!” आणि पेढ्यांचा पुडा परत उचलून मोहनराव चालू लागला.

आठवडाही गेला नसेल. गेणबा उसातून वर आला, तर कौसल्या बांधावर उभी होती. डोळ्यांवर हात आडवा धरून ती मोहनरावाच्या खाणीकडं बघत होती. तिकडून नुसती धूळ उठली होती आणि सगळा माळ बें बें करत होता. बिरदेवाचा कळप होता, बिरदेवाच्या चुलतभावाचाही होता. मध्ये नवा कोरा हौद चमकत होता.

“बुडणार त्यो!” गेणबा कळवळून म्हणाला. “अगं, समदी खाण बुडणार त्येची! मी सवता सांगितलं त्येला, देवाशपथ!”

“ते आसंल,” कौसल्या म्हणाली. तिची नजर काही हलेना. “पर बघा तरी! तुमी येक कळप बसिवला. दाजींनी दोन बसिवलं! आन् हौदाला फरशी बी लावली!”

साडूचं वाटोळं होणार, हे गेणबाला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या स्वतःच्या खाणीत आता कुदळसुद्धा मारता येणार नव्हती. तरीसुद्धा पोटात जे दुखायचं, ते दुखलंच.

“कौशे,” शेवटी तो हळूच म्हणाला, “बिरदेवाला आजून येखादा चुलतभाऊ हाय का गं?”